टीमची जबाबदारी अंगावर आली की काय करायचं? नव्या मॅनेजरसाठी पायरीपायरीने

चांगलं काम करणाऱ्याला बढती मिळते आणि त्याच दिवशी त्याचं जुनं काम संपतं. कालपर्यंत तुम्ही स्वतः किती उरकता यावर तुमचं मोल ठरत होतं. आजपासून ते आणखी सहा-आठ जणांचं काम कसं होतं यावर ठरणार. पण माणसांकडून काम कसं करून घ्यायचं हे बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. नवं पद हातात पडतं आणि बाकीचं ज्याचं त्याने निभावायचं, असाच रिवाज असतो.

नेतृत्वावर बोलताना दूरदृष्टी, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व असे मोठे शब्द पुढे येतात. माझ्या मते मॅनेजर चांगला आहे की नाही हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: टीममध्ये काही बिघडलं तर ते त्याला किती लवकर कळतं, आणि कुणाकडून? ज्याला लवकर कळतं, तेही टीमच्याच तोंडून, त्याच्याकडे बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठीक असतात. ज्याला सगळ्यात शेवटी कळतं, त्याच्या हातात निस्तरण्यापलीकडे काही उरत नाही.

याचं विमान वाहतुकीतलं एक उदाहरण फार बोलकं आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान अमेरिकेत पोर्टलंडजवळ उतरण्याच्या बेतात होतं. चाकं नीट बाहेर आली की नाही याची शंका आली, म्हणून कॅप्टनने विमान जवळपास तासभर हवेत फिरवत ठेवलं. सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर या दोघांनाही इंधन कमी होत असल्याचं दिसत होतं. त्यांनी तसं सुचवलंही, पण आडून आडून. ‘आता उतरलंच पाहिजे’ असं ठणकावून कुणी म्हणालं नाही आणि कॅप्टनचं लक्ष चाकांवरून हललं नाही. इंजिनं बंद पडली, विमान कोसळलं, विमानातल्या १८९ जणांपैकी १० जण गेले. चौकशीत कॅप्टनवर ठपका आला, तसंच हाताखालच्यांनी ठामपणे न बोलण्यावरही बोट ठेवलं गेलं. पुढे १९८१ मध्ये याच कंपनीने वरिष्ठांनी ऐकावं कसं आणि कनिष्ठांनी बोलावं कसं याचं प्रशिक्षण सुरू केलं. आज जगभरातल्या विमान कंपन्यांत ते असतं.

आपल्या ऑफिसात कुणाचा जीव जात नसेल, पण आडून आडून सुचवणं आणि ते कानावरून जाणं रोज घडतं.

पहिली पायरी: आल्या आल्या काही बदलू नका, प्रत्येकाला भेटा

नव्या मॅनेजरला काहीतरी करून दाखवायची घाई असते. ती पहिले दोन-तीन आठवडे आवरा. या काळात टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं भेटा, निदान अर्धा-पाऊण तास, दार लावून, फोन बाजूला ठेवून. सगळ्यांना तेच चार-पाच प्रश्न विचारा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतात:

- तुझा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? त्यातला वाया जातोय असं कशाबद्दल वाटतं?
- इथली कोणती पद्धत आहे तशीच राहावी?
- काम कुठे अडकतं, आणि कुणासाठी थांबून राहावं लागतं?
- तुला कोणतं काम आवडतं, आणि पुढे काय शिकायचं आहे?
- मला कुणी आपणहून सांगणार नाही, पण माहीत असायला हवी अशी एखादी गोष्ट?

शेवटच्या प्रश्नाला पहिल्या भेटीत बहुधा ‘तसं काही नाही’ एवढंच उत्तर मिळेल. मिळू द्या. तो प्रश्न विचारला गेला, हे लोक लक्षात ठेवतात.

सगळ्यांच्या बोलण्यात आलेली एखादी लहानशी अडचण निवडा आणि आठवड्याभरात सोडवा. कुणाला फाइल बघायची परवानगी नसते, कुठे एकच माहिती दोन ठिकाणी भरावी लागते, तर एखादी मीटिंग नुसती सवयीने चालू असते. सांगितल्याचा उपयोग झाला हे एकदा दिसलं की पुढच्या वेळी माणूस जास्त मोकळा बोलतो.

कालपर्यंतचे बरोबरीचे सहकारी आज हाताखाली आले असतील तर गोष्ट नाजूक असते. मैत्री तोडायची गरज नाही, पण जेवताना दुसऱ्या सहकाऱ्याबद्दल चालणाऱ्या गप्पांतून तुम्ही आता उठलं पाहिजे. याच पदासाठी टीममधल्या आणखी कुणी अर्ज केला असेल तर त्या व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात गाठा आणि विषय स्वतः काढा: “या जागेसाठी तूही होतास, मला माहीत आहे. वाईट वाटणं साहजिक आहे. तुझ्या अनुभवाची मला गरज आहे, आणि तुला पुढे जायला माझी काय मदत होईल हे आपण ठरवू.” हे बोलणं अवघड जातं, म्हणून लोक टाळतात आणि मग वर्षभर अढी राहते. वयाने मोठी, जुनी माणसं हाताखाली असतील तर त्यांना सगळ्यांसमोर सल्ला विचारा, आणि पटला तर अमलात आणा. मान देण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

दुसरी पायरी: एकेकट्याशी भेटीची वेळ ठरवा आणि ती मोडू नका

या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. टीममधल्या प्रत्येकाशी दर आठवड्याला अर्धा तास. माणसं दहाच्या वर असतील तर दर पंधरवड्याला. दिवस आणि वेळ ठरलेली हवी. ‘माझं दार कायम उघडं आहे, केव्हाही या’ हे सांगायला छान वाटतं, पण उघड्या दारातून धीटच माणसं आत येतात. अबोल माणूस कोपऱ्यात बसून कुढत राहतो आणि एक दिवस राजीनामा देतो.

भेटीत कामाचा हिशेब घेऊ नका. कुठलं काम कुठवर आलं हे ईमेलवर किंवा टीमच्या मीटिंगमध्ये कळतंच. हा अर्धा तास समोरच्याचा आहे, म्हणून सुरुवात त्याला करू द्या. “आज तुझ्या डोक्यात काय चाललंय?” एवढं विचारून गप्प बसा. शांतता अवघड वाटते आणि ती भरून काढायला आपण लगेच बोलू लागतो. तसं करू नका, दहा-पंधरा सेकंद थांबा. खरी गोष्ट बहुतेकदा त्यानंतर येते.

निघताना दोन ओळी लिहून ठेवा: तो काय म्हणाला आणि मी काय करायचं कबूल केलं. पुढच्या भेटीत तिथूनच सुरुवात करा. “मागच्या वेळी तू त्या विभागाकडून माहिती वेळेवर येत नाही म्हणालास, मी त्यांच्याशी बोललो,” हे वाक्य ऐकलेल्या माणसाला वेगळं प्रोत्साहन द्यावं लागत नाही.

भेट रद्द करावी लागली तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्या. लागोपाठ दोन-तीन भेटी रद्द झाल्या की आपली पायरी काय ते समोरच्याला कळून चुकतं.

तिसरी पायरी: काम सोपवताना पाच गोष्टी स्पष्ट करा

“ते ग्राहकांच्या तक्रारींचं जरा बघ ना.” असं सांगून मॅनेजर निघून जातो. चार दिवसांनी त्याच्या हातात तक्रारींची यादी पडते, आणि त्याला हवा असतो त्यामागच्या कारणांचा अहवाल. तो चिडतो, समोरचा हिरमुसतो. चूक सांगण्यात झाली, करण्यात नाही.

तेच काम असं सांगता येतं: “गेल्या तीन महिन्यांतल्या तक्रारी वाच आणि सारख्या येणाऱ्या तीन-चार कारणांवर दोन पानं लिही. पुढच्या महिन्यात कोणत्या कामाला माणूस द्यायचा हे त्यावरून ठरणार आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत हवं. कोणत्या तक्रारी गाळायच्या हे तूच ठरव, मात्र ग्राहकाला फोन करायचा झाला तर आधी मला विचार. बुधवारी दहा मिनिटं बसू, दिशा बरोबर आहे का ते पाहू.” काय हवं, कशासाठी हवं, कधीपर्यंत, कुठवरचा निर्णय त्याचा आणि मध्ये केव्हा भेटायचं, या पाचही गोष्टी त्यात आल्या. एक मिनिट जास्त लागलं, पण चार दिवस वाचले.

‘कळलं ना?’ असं विचारू नका. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. “तू सुरुवात कुठून करशील?” असं विचारा, म्हणजे काय कळलं आणि काय राहिलं ते उत्तरातच दिसतं.

‘तुझ्या परीने चांगलं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं की काम चांगलं होतं, हे एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवलं आहे. त्यातली अट विसरू नका: ते उद्दिष्ट माणसाने मनापासून स्वीकारलेलं हवं, आणि आपण कुठवर आलो हे त्याला मध्ये मध्ये कळत राहायला हवं. वरून लादलेल्या आकड्याने हे साधत नाही.

कामावर नाव एकाचंच ठेवा. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोराला माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. ‘तुम्ही तिघं मिळून बघा’ असं म्हटल्यावर ऑफिसात हेच होतं. तिघं काम करू देत, पण जबाबदार कोण, ते नाव घेऊन सांगा.

किती मोकळीक द्यायची हे माणसावर ठरत नाही, माणूस आणि काम या जोडीवर ठरतं. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये हा विचार मांडला. दहा वर्षांचा अनुभवी माणूससुद्धा एखाद्या कामात कोरा असू शकतो, तिथे त्याला हात धरून दाखवावं लागतं. आणि त्याच्या हातखंड्याच्या कामात तुम्ही वारंवार डोकावलात तर तो वैतागतो.

आता एक सापळा. सोपवलेलं काम घेऊन माणूस येतो आणि म्हणतो, “इथे अडलंय.” तुम्ही घाईत म्हणता, “ठेव, बघतो मी.” एवढ्याने काम तुमच्या टेबलावर परत आलं. असं दिवसातून पाच वेळा झालं की रात्री उशिरापर्यंत तुम्ही बसता आणि टीम वेळेवर घरी जाते. त्याऐवजी विचारा: “तुला काय सुचतंय? त्यातलं तू कोणतं करशील, आणि का?” त्याचा मार्ग तुमच्यापेक्षा वेगळा असला तरी चालण्याजोगा असेल तर चालू द्या. थोडं कमी नेटकं झालेलं काम खपवून घ्यायची ही किंमत मोजलीत तरच माणूस तयार होतो.

चौथी पायरी: चुकलं ते सांगा, पण कामाबद्दल बोला

फीडबॅक दिला की काम सुधारतंच, ही समजूत खरी नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास केला. सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी मांडलेलं कारण पटण्यासारखं आहे: बोलणं कामावरून माणसावर घसरलं की त्याचं लक्ष सुधारण्यापेक्षा स्वतःला सावरण्याकडे जातं.

म्हणून ‘तू निष्काळजी आहेस’ हे बोलू नका. त्यावर माणूस भांडेल, नाहीतर मान खाली घालून बसेल. घडलेलं सांगा, त्याचा परिणाम सांगा आणि विचारा: “सोमवारी पाठवलेल्या तक्त्यात दोन रकाने उलटसुलट झाले होते. त्यामुळे मीटिंगमध्ये चुकीचा आकडा गेला आणि आपल्याला दुरुस्ती पाठवावी लागली. काय झालं होतं?” यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरंच ऐका. कदाचित तक्ता रात्री दहाला मागितला गेला होता, आणि मागणारे तुम्हीच होता.

हे बोलणं एक-दोन दिवसांत व्हावं, एकांतात व्हावं आणि एका वेळी एकाच मुद्द्यावर व्हावं. राग आलेला असेल तर तेवढा वेळ जाऊ द्या. चारचौघांत झापलेलं माणूस विसरत नाही, आणि बघणारेही आपापला धडा घेतात: यांच्यासमोर चूक दिसता कामा नये.

आधी गोड, मध्ये कडू, शेवटी पुन्हा गोड अशी पद्धत बऱ्याच जणांना शिकवली जाते. मला ती पटत नाही. काहींना मधलं कडू ऐकूच येत नाही, आणि बाकीच्यांचा कौतुकावरचा विश्वास उडतो, कारण कौतुक सुरू झालं की पुढे काय येणार ते त्यांना कळतं. कौतुक वेगळं करा, मोकळ्या मनाने आणि नेमकं करा. ‘छान काम’ म्हणण्यापेक्षा “ग्राहक चिडला होता तेव्हा तू आधी त्याचं सगळं ऐकून घेतलंस, म्हणून तो शांत झाला” हे सांगा. नेमकं काय चांगलं झालं हे कळलं तर माणूस ते पुन्हा करेल.

पाचवी पायरी: वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाशी कसं वागायचं

एमी एडमंडसन या अभ्यासक रुग्णालयांतल्या टीम पाहत होत्या. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकड्यांत उलटंच दिसलं: चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथली माणसं चुका लपवत नव्हती, मोकळेपणाने बोलत होती. पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपल्यावर संकट येणार नाही या विश्वासाची, कल्पना सविस्तर मांडली. काही वर्षांनी गूगलने आपल्याच टीमचा अभ्यास केला, तेव्हा यशस्वी टीमच्या वैशिष्ट्यांत हीच गोष्ट सगळ्यात वर आली.

ही सुरक्षितता पहिल्या दहा सेकंदांत ठरते. कुणी येऊन सांगतं, “शुक्रवारी काम होणार नाही.” तुमच्या कपाळावर आठी पडते, आवाज चढतो, तोंडून जातं, “हे आत्ता सांगतोयस?” पुढच्या वेळी तो याहूनही उशिरा सांगेल. त्याऐवजी क्रम असा ठेवा. आधी, “बरं झालं सांगितलंस.” मग वस्तुस्थिती: काय अडलंय, किती दिवस लागतील, कुणाकुणावर परिणाम होईल. मग, आज काय करता येईल आणि माझ्याकडून काय हवं. का झालं याची चर्चा काम मार्गी लागल्यावर, शांतपणे करा. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसला की कोणताही कामगार दोरी ओढून मदत बोलावू शकतो आणि गरज पडली तर सगळी लाइन थांबते. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो तो अडचण पाहायला. तो ओरडायला आला असता तर कुणी दोरीला हात लावला नसता.

म्हणजे सगळं माफ, असं नाही. प्रामाणिक चूक, तीच तीच हयगय आणि जाणूनबुजून लपवाछपवी या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिलीत मदत द्या, दुसरीत स्पष्ट बोला, तिसरीत कठोर व्हा, आणि हा फरक टीमला आधीच सांगून ठेवा.

महिन्यातून एकदा स्वतःसाठी एक तपासणी करा. गेल्या महिन्यातल्या अडचणी आठवा आणि प्रत्येकीपुढे लिहा: मला कुणाकडून कळलं? टीमकडून, ग्राहकाकडून की माझ्या वरिष्ठांकडून? दुसरी आणि तिसरी उत्तरं वाढत असतील तर टीम तुम्हाला घाबरते आहे किंवा तुम्हाला सांगून उपयोग नाही असं तिला वाटतं.

सहावी पायरी: काम घसरलेल्या माणसाबद्दल टाळाटाळ नको

एखाद्याचं काम सतत कमी पडतंय हे सगळ्यांना दिसत असतं. मॅनेजर मात्र ‘बघू, सुधारेल’ म्हणत महिने घालवतो, आणि त्याचा भार चांगलं काम करणारे वाहतात. आधी कारण शोधा. काय अपेक्षित आहे हे त्याला नक्की माहीत आहे का? ते काम येतं का? साधनं आणि वेळ मिळतो का? घरी आजारपण किंवा दुसरं काही ओझं आहे का? या चारही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळालं, तरच इच्छा नाही असं म्हणा. बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही.

बोलून फरक पडला नाही तर लेखी ठरवा: नेमकं काय सुधारायला हवं, किती आठवड्यांत, तुम्ही कोणती मदत देणार, आणि दर आठवड्याला कधी बसून पाहायचं. एचआर विभागाला सुरुवातीलाच सोबत घ्या. कामगार कायदे आणि कंपनीचे नियम त्यांना ठाऊक असतात. तरीही जमलं नाही तर निर्णय घ्या आणि तो सन्मानाने सांगा, कारण जाणाऱ्याशी तुम्ही कसे वागता हे राहणारे सगळे पाहत असतात.

कामात वाघ, पण सहकाऱ्यांना तुच्छ लेखणारा माणूस ही याहून कठीण परीक्षा. त्याच्या आकड्यांकडे बघून सगळे गप्प बसतात. माझं मत ठाम आहे: वागणूक हा कामाचाच भाग धरा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा. त्याच्यामुळे बोलायचे थांबलेले चार जण कुठल्याच आकड्यात दिसत नसतात.

दोघांचं आपसात पटत नसेल तर एकेकाचं ऐकून घ्या, पण निरोप्या होऊ नका. दोघांना एकत्र बसवा, जुनी उणीदुणी बाजूला ठेवा आणि पुढचं काम कसं करायचं एवढंच ठरवून घ्या.

सातवी पायरी: अप्रेझलमध्ये नवं काही निघता कामा नये

अप्रेझलच्या खोलीत एखादी तक्रार माणूस पहिल्यांदाच ऐकत असेल तर वर्षभर तुम्ही तुमचं काम केलं नाही. शिवाय आपली स्मरणशक्ती फसवी असते. शेवटचे दोन महिने ठळक आठवतात, बाकीचं पुसट होतं. भेटींनंतर लिहिलेल्या त्या दोन-दोन ओळी इथे उपयोगी पडतात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की दिलेल्या गुणांमधला निम्म्याहून अधिक फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या कलामुळे असतो. तेव्हा गुण देण्याआधी प्रत्येकासमोर दोन-तीन घडलेले प्रसंग लिहा. प्रसंग आठवत नसेल तर तो गुण देऊ नका.

आणि तुमच्या वरचे

टीमला सांभाळायचं तर वरून येणारा दबाव तसाच्या तसा खाली सोडून चालत नाही. नवं तातडीचं काम आलं तर नुसतं ‘नाही’ किंवा नुसतं ‘हो’ म्हणू नका. हातातल्या कामांची यादी समोर ठेवा आणि विचारा, “हे आधी हवं असेल तर यातलं कोणतं मागे ढकलू?” श्रेय टीमचं नाव घेऊन वर पोचवा. ठपका आला तर वरच्यांसमोर तो स्वतः घ्या आणि आत येऊन संबंधिताशी बोला.

यातलं किती साधलंय हे पाहायचं असेल तर आठवडाभर रजा घ्या. जाण्याआधी कोणते निर्णय कोण घेणार हे लिहून द्या, फक्त खऱ्या अडचणीत कुणी फोन करायचा ते ठरवा, आणि मधे ईमेल उघडू नका. परत आल्यावर काय काय तुमच्यासाठी थांबून राहिलं याची यादी करा. त्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर टीममधल्या एकाचं नाव लिहा आणि पुढच्या भेटीत ती त्याच्याकडे सोपवायला सुरुवात करा.